पांढऱ्या पावडरीची कुळकथा

गावच्या विहिरीत आणि टाकीत ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक जी पांढरी पावडर टाकतो, तिला आपण सगळ्या ‘टीसीएल’ म्हणतो. दुकानात तिलाच ब्लिचिंग पावडर म्हणतात. पाण्याला तिचा वास आला की आपण नाक मुरडतो, ‘आज औषध लई झालंय’ म्हणत भरलेली घागर ओतून देतो. पावसाळ्यात गल्लीत जुलाबाची साथ आली की मात्र ‘पावडर टाकली का नाही?’ असं विचारत पंचायतीत जातो. आज आम्ही या पावडरीची कुळकथा सांगणार आहोत. ती आधी कापडासाठी जन्मली, मग बाळंतिणींच्या कामी आली आणि शेवटी पाण्यात उतरली. तिनं लाखो जीव वाचवले आणि चुकीच्या हाती पडली तेव्हा जीव घेतलेही. दोन्ही गोष्टी आपल्याला ठाऊक असायला हव्यात, कारण पाणी भरतो आपण, आणि घरात पोर आजारी पडलं तर रात्र जागवतोही आपणच.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. गोरोबाकाकांचं तेर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या गावाचं नाव ‘तगर’ होतं. त्या काळी ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नावाच्या व्यापारी पुस्तकात नोंद आहे, की तगरहून साधं कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदरावर जाई आणि तिथून जहाजानं परदेशी. म्हणजे तेरणेकाठचं कापड समुद्रापार जात होतं.

पण मागावरून उतरलेलं कोरं कापड पांढरं नसतं. ते मळकट, पिवळसर असतं. त्याला पांढरं करणं हे मोठं कष्टाचं काम. आपल्याकडे परीट समाजाची माणसं खारी माती, राख, पापडखार वापरून कापड भट्टीला लावत, नदीवर दगडावर आपटत, वाळूवर उन्हात वाळवत आणि पुन्हा भिजवत. युरोपातही तेच. तिथं ऊन कमी, म्हणून कापड राखेच्या पाण्यात आणि आंबट ताकात भिजवून महिनोन्महिने गवतावर पसरून ठेवावं लागे. एका ताग्यासाठी कधी कधी सारा उन्हाळा जाई.

१७७४ साली स्वीडनमधल्या शेले नावाच्या औषध बनवणाऱ्या माणसानं एक हिरवट-पिवळा, घसा जाळणारा वायू तयार केला. तोच क्लोरीन. पुढं फ्रान्समधल्या बर्थोले या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की या वायूनं कापडाचा रंग उडतो. पण वायू हाताळणार कसा? त्याचं उत्तर स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात चार्ल्स टेनंट यानं काढलं. त्यानं क्लोरीन विरलेल्या चुन्यात मुरवला. चुन्यानं वायू धरून ठेवला आणि कोरडी पांढरी पावडर तयार झाली. १७९९ साली त्यानं तिचं पेटंट घेतलं. म्हणजे आपली टीसीएल ही मुळात चुना आणि क्लोरीन यांची जोडी. सारा उन्हाळा खाणारं काम आता काही दिवसांत होऊ लागलं आणि गिरण्यांचे ढीगच्या ढीग कापड पांढरं होऊ लागलं.

तिचा धोकाही त्याच कारखान्यात दिसला. पावडर भरणारे मजूर नाकातोंडावर फ्लॅनेलच्या जाड पट्ट्या गुंडाळून काम करत. तरीही त्यांचे डोळे जळत, छाती भरून येई. सव्वादोनशे वर्षं झाली, पण तोंड उघडं ठेवून ही पावडर हाताळणाऱ्या माणसाचं आजही तेच होतं.

या पावडरीनं घाण वासही जातो, हे लवकरच लोकांच्या लक्षात आलं. गटारं, खाटीकखाने, प्रेतं ठेवायच्या जागा इथं ती वापरू लागले. तिथूनच ती बाळंतिणींपर्यंत पोचली. ही गोष्ट नीट ऐका, कारण ती आपल्या जातीची आहे, बाईच्या जातीची.

१८४७ साल. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरातलं मोठं सरकारी इस्पितळ. तिथं बाळंतपणाचे दोन विभाग होते. एका विभागात डॉक्टर आणि शिकाऊ डॉक्टर बाळंतपणं करत, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात शंभरातल्या दहाच्या आसपास बायका बाळंतज्वरानं मरत, सुईणींच्या विभागात चारच्या आसपास. गावातल्या बायकांना हे कळलं होतं. ‘आम्हाला सुईणींकडे पाठवा’ म्हणून त्या हातापाया पडत. तिथं इग्नाझ सेमेलवाईस नावाचा एक तरुण डॉक्टर होता. हा फरक का पडतो, याचा त्यानं छडा लावला. शिकाऊ डॉक्टर सकाळी प्रेतं चिरून अभ्यास करत आणि त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत. सुईणी प्रेतांना हात लावत नव्हत्या. साबणानं धुतले तरी हातांचा प्रेताचा वास जात नसे, पण क्लोरीनच्या पाण्यानं जाई. म्हणून त्यानं सक्ती केली, की बाळंतिणीला हात लावण्याआधी ब्लिचिंग पावडरच्या पाण्यात हात धुवायचे. एप्रिल महिन्यात शंभरात अठरा बायका मरत होत्या. मेच्या मध्यावर हात धुणं सुरू झालं आणि जूनमध्ये हा आकडा दोनवर आला.

तेव्हा जंतू कुणाला माहीत नव्हते. ‘तुमच्याच हातांनी बायका मेल्या’ हे ऐकणं बड्या डॉक्टरांना झेपलं नाही. सेमेलवाईसला नोकरी सोडावी लागली आणि १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला. पण जे बायकांना आधीच दिसत होतं, ते खरं होतं. बायका जे रोज पाहतात, ती नोंद कमी मोलाची नसते.

आता पाण्याकडे येऊ. आपल्या आज्या-पणज्या कॉलऱ्याला पटकी म्हणत. सकाळी उलट्या-जुलाब सुरू झाले की संध्याकाळपर्यंत माणूस जाई. गावात पटकी शिरली की मरीआईचा गाडा सजवून वाजतगाजत शिवेबाहेर नेत. भीती एवढी, की दुसरं करणार काय? पंढरपूरसारख्या मोठ्या यात्रांना हजारो माणसं एकाच पाण्यावर जमत आणि परतताना साथ गावोगाव घेऊन येत. गाडा शिवेबाहेर जाई, पण आडातलं पाणी तेच राही.

पटकी पाण्यातून येते, हे १८५४ साली लंडनमधल्या जॉन स्नो या डॉक्टरनं दाखवून दिलं. कोणत्या घरात माणूस दगावला आणि ते घर पाणी कुठून भरतं, हे त्यानं दारोदार जाऊन विचारलं. सगळी बोटं एकाच पंपाकडे वळली. तीस वर्षांनी, १८८४ साली, जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांना पटकीचा जंतू कोलकात्याच्या एका तळ्यात सापडला. लोक त्याच तळ्यात धुणं धूत आणि तेच पाणी पीत.

मग विहिरी स्वच्छ करायच्या कशा? १८९० नंतरच्या काळात आग्र्याला हॅनकिन नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ होते. विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकायचं, ही रीत त्यांनी पसरवली. जुन्या बायकांना आठवत असेल, साथीच्या दिवसांत विहिरीत लाल औषध टाकत आणि पाणी गुलाबी होई. ते हेच. पुढं ब्लिचिंग पावडर आणि क्लोरीन अधिक भरवशाचे ठरले. १९०५ साली इंग्लंडमधल्या लिंकन शहरात विषमज्वराची साथ आली, तेव्हा नळाच्या पाण्यात क्लोरीनचं औषध सतत सोडलं गेलं. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीत ते कायमचंच सुरू झालं. तिथून ही रीत जगभर गेली.

आपल्याकडे आणखी एक बदल झाला. १९७२ च्या दुष्काळात विहिरी कोरड्या पडल्या आणि त्यानंतर गावोगाव बोअर आणि हापसे आले. आज देशभर दिसणारा हापसा घडला तो आपल्याच शेजारी. जालन्यात मिशनच्या लोकांनी मजबूत पंप केला, सोलापुरात तो सुधारला आणि त्यावरून पुढं ‘इंडिया मार्क दोन’ तयार झाला. हापशाचं पाणी झाकलेलं असतं, त्यामुळं उघड्या आडापेक्षा ते सुरक्षित. पण आता पाणी टाकीत चढतं, नळानं येतं, उन्हाळ्यात टँकरनं येतं आणि विहिरीत ओतलं जातं. जेवढे हात बदलतात, तेवढी घाण शिरायला वाट होते. गटारातून गेलेला फुटका पाइप असेल, तर नळाचं पाणीही उघड्या आडासारखंच समजा.

३० सप्टेंबर १९९३ चा पहाटेचा भूकंप आपल्या उमरगा-लोहारा भागातली कोणतीच बाई विसरणार नाही. लातूर आणि धाराशिव मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर गावं पुन्हा उभी राहिली, तेव्हा महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून पुढं आल्या. घराचा पाया, सिमेंटचं प्रमाण, पट्टी-पिलर असं सगळं शिकल्या आणि इतरांना समजावून सांगू लागल्या. ज्या बायकांनी सिमेंट-वाळूचं प्रमाण मोजलं, त्यांना पावडरीचं प्रमाण जड नाही.

तेच आता पाहू. टीसीएल हे इंग्रजी नावातल्या तीन शब्दांचं लघुरूप आहे. त्याचा अर्थ, उष्ण प्रदेशासाठी बनवलेली चुना-क्लोरीनची पावडर. आपल्याकडच्या उन्हात ती लवकर बिघडू नये म्हणून तिच्यात जादा चुना घातलेला असतो. ताज्या पावडरीत शंभरात तेहतीस भाग उपयोगी क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की क्लोरीन उडून जातो आणि मागं नुसता चुना राहतो. वीसच्या खाली आलेली पावडर पिण्याच्या पाण्याला वापरायची नाही. म्हणून पोत्यावरची तारीख पाहायची आणि तिचा नमुना तपासणीला जातो का, हे विचारायचं. दगडासारखी गोळे झालेली, वास न येणारी पावडर विहिरीत टाकली तर वहीत सही होते, पाणी मात्र तसंच राहतं.

प्रमाण असं : चांगल्या पावडरीचे अडीच ग्रॅम साधारण एक हजार लिटर पाण्याला. समजा आपला आड तीन मीटर रुंद, म्हणजे दहा फुटांच्या आसपास आहे आणि पाणी चार मीटर खोल, म्हणजे तेरा फूट आहे. रुंदी गुणिले रुंदी गुणिले खोली, म्हणजे ३ × ३ × ४ = ३६. त्याला ७८५ नं गुणायचं. आले साधारण अठ्ठावीस हजार लिटर. त्याला पावडर लागते सत्तर ग्रॅम. मुठीनं किंवा ओंजळीनं अंदाज करायचा नाही, काट्यावर तोलायचं. पाणी गढूळ असेल किंवा साथ असेल तर जास्त लागते, पण किती ते तपासणी करून आरोग्य कर्मचाऱ्यांनी ठरवायचं.

पावडर कोरडी फेकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात तिची पेस्ट करायची, मग बादली पाऊण भरायची. एका बादलीत शंभर ग्रॅमपेक्षा जास्त पावडर नको. पाच-दहा मिनिटं थांबलं की चुना तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्यायचं, ती दोरानं विहिरीत पाण्याखाली सोडायची आणि दोर वरखाली हलवून औषध सगळीकडे पसरवायचं. तळाचा चुना विहिरीत टाकायचा नाही, त्यानं पाणी जड होतं. मग किमान एक तास कुणी पाणी भरायचं नाही. हे काम रात्री, पाणी भरून झाल्यावर केलं तर सकाळी सगळ्यांना निर्धास्त पाणी मिळतं.

तो एक तास का? क्लोरीन आधी पाण्यातल्या घाणीवर खर्च होतो, मग जंतूंवर. दोन्हीचा समाचार घेऊन जो उरतो, तो पाण्याचा राखणदार. घागरीत, रांजणात पुन्हा हात बुडला तर तोच सांभाळतो. तो उरला आहे का, हे ओटी टेस्टनं कळतं. नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. पिवळं झालं नाही तर राखणदार नाही. मात्र हे तपासलेलं पाणी प्यायचं नाही, गुराढोरांनाही पाजायचं नाही आणि ते औषध हाताला लागू द्यायचं नाही. आता सांगा, पाण्याला जो हलका वास येतो तो खराब पाण्याचा की राखणदाराचा? झाकण न लावता माठात थोडा वेळ ठेवलं की तो वास कमी होतो. त्यासाठी घागर ओतून देऊन उघड्या ओढ्याचं पाणी आणू नका.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ही पावडर सगळ्या दुखण्यावर औषध नाही. पाण्यातला क्षार, जडपणा, नायट्रेट ती काढत नाही. मराठवाड्याच्या काही भागांत खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराईड असतं, त्यानं दात डागाळतात, हाडं वाकतात. त्यावर टीसीएल काही करत नाही, तिथं प्रयोगशाळेची तपासणीच हवी. घरच्या हंड्यात चिमूटभर टीसीएल टाकू नका, चिमटीचं प्रमाण चुकतं. घरासाठी आशाताई मेडिक्लोरची बाटली देतात, तिच्यावर लिहिलंय तेवढेच थेंब टाका आणि अर्धा तास थांबा. काहीच नसेल तर पाणी खळखळ उकळून घ्या.

आता धोका. २२ एप्रिल १९१५ रोजी, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्र इथं जर्मन सैन्यानं वाऱ्यावर क्लोरीन सोडला. खंदकातली माणसं जागच्या जागी घुसमटून मेली. हा वायू हवेपेक्षा जड असतो, खाली खड्ड्यात उतरून बसतो. आपल्या मुंबईत १४ जुलै २०१० ला शिवडीच्या हाजी बंदरात पडून असलेल्या जुन्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि शंभरच्या आसपास माणसांना इस्पितळात न्यावं लागलं.

तोच वायू आपल्या न्हाणीघरात तयार होऊ शकतो. ‘जास्त स्वच्छ निघेल’ म्हणून ब्लिचिंग पावडरीत संडास धुण्याचं ॲसिड ओतलं, की क्षणात क्लोरीन सुटतो. दार लावलेलं असतं, जागा छोटी असते. म्हणून हे पाठ करा : ॲसिडबरोबर नाही, व्हिनेगरबरोबर नाही, अमोनियाबरोबर नाही, दुसऱ्या कुठल्याही सफाईच्या औषधाबरोबर नाही. युरिया, रॉकेल, डिझेल, तेल यांच्या शेजारी तिचं पोतं ठेवायचं नाही, भडका उडू शकतो. लोखंडी डब्यात नाही, स्वयंपाकघरात तर मुळीच नाही. पांढरी पावडर म्हटली की मीठ, पीठ, रांगोळी समजून चूक व्हायला वेळ लागत नाही. पार्लरमध्ये चेहऱ्याला लावतात ते ‘ब्लीच’ वेगळं, ही पावडर वेगळी. नावावर जाऊन ही तोंडाला लावली तर कातडी भाजेल.

वायू लागलाच तर माणसाला लगेच मोकळ्या हवेत, उंच जागी न्या. डोळे साध्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. पावडर पोटात गेली तर ओकारी काढायला लावू नका. १०८ ला फोन करा. आता बरं वाटतंय म्हणून घरी थांबू नका, फुप्फुसाला झालेली इजा काही तासांनीही वर येते.

करोनाच्या काळात आपण काय पाहिलं, तेही आठवा. मार्च २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या बरेलीत गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर क्लोरीनचं औषध फवारलं गेलं. त्यात बायका होत्या, लेकरं होती. पुढच्याच महिन्यात केंद्राच्या आरोग्य खात्याला सांगावं लागलं, की माणसांच्या अंगावर असं काही फवारू नका. औषध तेच, पण फरशीचं औषध माणसाच्या डोळ्यात गेलं. आणि गेलं कुणाच्या? ज्यांना ‘नको’ म्हणायची सोय नव्हती त्यांच्या.

म्हणून मैत्रिणींनो, माप कुणाच्या हातात आहे, याला महत्त्व आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या किमान पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं आहे आणि गावच्या पाणी समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आपल्या गावातल्या त्या पाच जणी कोण? तपासणीची पेटी कुठं आहे, कपाटात की त्यांच्या हातात? पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाहणी करून पंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. आपल्या गावाला कोणतं मिळालं?

येत्या गटाच्या बैठकीत कर्जाचे हप्ते लिहून झाले की ही तीन वाक्यं वहीत उतरवा आणि ग्रामसभेत विचारा : पावडर कधीची आहे? विहिरीत, टाकीत किती पाणी आणि किती पावडर, हे कुठं लिहिलंय? ओटी टेस्ट शेवटच्या नळावर कधी झाली? पहिल्या नळावर पिवळं झालेलं पाणी गावकुसाच्या टोकाच्या वस्तीपर्यंत पोचताना कोरं झालेलं असू शकतं. शेवटच्या नळावर राखणदार आहे, तर सगळ्या गावाला आहे.

जलसुरक्षकालाही विचारा, त्याला हातमोजे आणि तोंडाला पट्टी मिळते का. ग्लासगोच्या मजुरांचे डोळे जळत होते, आपल्या गावच्या माणसाचे जळू नयेत.